फ्लोरिडाच्या थंडीत हलक्या गळाने खाडीतली मासेमारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅम्पा बे आणि आसपासच्या खाड्यांमध्ये मी बारा हिवाळे गरवतो आहे. माझं गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठचं. गळ हातात लहानपणीच आला, पण फ्लोरिडाचा हिवाळा मला नव्याने शिकावा लागला. मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, कोणाच्या घरी जेवायला बसलं तरी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो. हे सगळं किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्याबद्दल आहे: खाड्या, कालवे, पूल, धक्के. होडी घेऊन खोल समुद्रात जाण्याबद्दल इथे काही नाही.

फ्लोरिडात कसली आली थंडी? माशांना तिचा काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि हे कळलं की बाकी सगळं सोपं होतं.

मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, टॅम्पा जवळजवळ २८ वर. म्हणजे आपल्या दिल्लीच्या थोडंसंच खाली. त्यात दिल्लीच्या पाठीशी हिमालय आहे, टॅम्पाच्या पाठीशी काहीच नाही. कॅनडातून सुटलेली थंड हवा वाटेत कुठेही न अडखळता थेट फ्लोरिडात उतरते. डिसेंबर ते फेब्रुवारी अशी थंड लाट साधारण आठवड्या-दीड आठवड्याला एक येते. इथे तिला कोल्ड फ्रंट म्हणतात.

आता पाण्याचं बघा. टॅम्पा बेचा पसारा साधारण ४०० चौरस मैलांचा, पण सरासरी खोली जेमतेम १२ फूट, म्हणजे दोन पुरुष. पसरट परातीतला चहा जसा लवकर निवतो तसं हे पाणी निवतं. जानेवारीत ते साधारण ६० ते ६५ अंश फॅरनहाइट असतं आणि जोरदार लाट आली की उथळ भागात दोन दिवसांत आठ-दहा अंशांनी उतरतं. माशाच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच. पाणी थंड झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते, आणि आमिषामागे पळण्यात तो ताकद घालवत नाही. मासा आहे तिथेच असतो, पण वेगळ्या हिशेबाने जगत असतो. तो हिशेब आपल्याला कळला पाहिजे.

मग थंडीत मासे जातात कुठे?

उबेला. या एका शब्दावर मी हिवाळाभर गरवतो.

रात्री आणि सकाळी ऊब खोलात असते. गवताळ उथळ पट्ट्यांवरचे मासे तिथून निघून नद्यांच्या वळणांवरच्या डोहांत, घरांच्या मागे खणलेल्या कालव्यांत, होड्या लावायच्या बंदरांच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. अलाफिया आणि लिटल मॅनाटी या नद्यांची तोंडं त्यासाठी चांगली. दुपारी हिशेब उलटतो. काळ्या चिखलाचा तळ ऊन शोषून घेतो आणि दोन-अडीच फुटांचं पाणी डोहापेक्षा गरम होतं. मग तेच मासे ऊन खायला वर सरकतात. उत्तरेचा वारा ज्याला लागत नाही असा, खारफुटीच्या आडोशाचा काठ दुपारी दोननंतर जरूर बघावा.

मी बारा डॉलरचा एक तापमापक दोरीला बांधून बरोबर ठेवतो. मागच्या जानेवारीत एका सकाळी उघड्या पाण्यात ५७ अंश भरले. तिथून अर्धा मैलावरच्या कालव्यात, अगदी आतल्या बंद टोकाला, ६१. वर दोन्हीकडचं पाणी सारखंच दिसत होतं. पहिल्या जागी तासभर एकही चावा नाही. दुसऱ्या जागी पहिल्या दहा मिनिटांत तीन ट्राउट मासे लागले. तेव्हापासून काठावर पोचल्यावर आधी तापमापक बुडवतो, गळ नंतर.

अपोलो बीचला वीजकेंद्रातून गरम पाणी सुटतं, त्या उबेला शेकडो मॅनाटी, म्हणजे समुद्रगाई, येऊन राहतात. ती जागा त्यांची आहे. १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च तिथे होडी नेता येत नाही. मुलांना घेऊन बघायला मात्र जरूर जा, बाजूलाच बघण्यासाठी केंद्र आहे आणि प्रवेश फुकट असतो.

कोणता दिवस निवडायचा?

लाट यायच्या आदला दिवस, जमलं तर. दक्षिणेचा वारा सुटलेला असतो, हवा दमट आणि कोंदट, आभाळ भरलेलं, हवेचा दाब उतरत असतो. पुढे उपास घडणार हे कळल्यासारखे मासे खातात. मग वारा एकदम वायव्येला फिरतो, सर येऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी निळंशार आकाश, स्वच्छ कोरडी हवा. सहलीला जावं असा दिवस. मासेमारीला तो सगळ्यात वाईट. दोन-तीन दिवसांनी वारा पूर्वेकडे वळला, पाणी सावरलं, की पुन्हा गाडी रुळावर येते.

नोकरी करणाऱ्याच्या हाती शनिवार-रविवारच असतो हे मला माहीत आहे. मग दिवस निवडता येत नसेल तर वेळ निवडा. थंडीत पहाटे उठून जाण्यात काही अर्थ नसतो. गावाकडची आपली सवय काळोखात निघायची, ती इथे एप्रिलपर्यंत बाजूला ठेवा. अकरा ते चार ही हिवाळ्याची वेळ. शीप्सहेड हा मासा तेवढा याला अपवाद, त्याच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

भरती-ओहोटी तिथीवरून काढता येते का?

नाही. तिथीला पाऊण पट करायची आणि भरतीची वेळ काढायची हा आपला कोकणातला हिशेब इथे अजिबात लागू पडत नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या या भागात भरत्या एकसारख्या नसतात. दिवसात दोन भरत्या झाल्या तरी एक मोठी, एक नावापुरती, आणि कधी दिवसभरात एकच भरती-ओहोटी. वेळापत्रक बघायचं आणि त्यावर चालायचं.

फरकही वेगळा. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. टॅम्पाला दोन-तीन फूट. पण म्हणूनच इथे एका फुटाला किंमत आहे. हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला मोठी ओहोटी सकाळी लागते, आणि त्यात वायव्येचा वारा असेल तर तो उरलंसुरलं पाणीही बाहेर लोटतो. वेळापत्रकात दिलेल्यापेक्षा अर्धा-एक फूट पाणी आणखी उतरतं. सगळा पट्टा उघडा पडतो. नवख्याला वाटतं आज काही खरं नाही. मी अशा सकाळी काठीऐवजी कॅमेरा घेऊन जातो आणि पाणी कुठे उरलं आहे त्याचे फोटो काढून ठेवतो. ओहळ, खड्डे, गवतातल्या वाळूच्या वाट्या. पाणी परत चढताना मासे याच वाटांनी येतात. माझ्या निम्म्या जागा अशा सकाळी सापडलेल्या आहेत.

लाइट टॅकल म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

सात फुटांची मीडियम-लाइट काठी, २५०० आकाराचं स्पिनिंग रील, त्यावर १० पौंडी ब्रेड (विणलेला बारीक दोर), पुढे दोन-अडीच फूट २० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाजवळचा, पाण्यात सहज न दिसणारा दोर). दोन्ही दोर जोडायला डबल युनी गाठ. शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये हे सगळं होतं आणि नीट गोड्या पाण्याने धुतलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

जाड दोर, मोठा गळ का नको, असं गावाकडून आलेले लोक हमखास विचारतात, कारण आपल्याकडे जाड दोर म्हणजे खात्री. थंडीत पाण्यातलं शेवाळ कमी होतं आणि पाणी आरशासारखं निवळतं. मासा दोर बघतो. शिवाय त्याची भूक लहान, म्हणून आमिष लहान, आणि लहान आमिष फेकायला काठी हलकी लागते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: थंडीतला चावा हा धक्का नसतो. दोर किंचित जड होतो, एवढंच. जाड काठीतून तो हाताला कळतच नाही.

मोनो, म्हणजे साधा नायलॉनचा दोर, चालेल का?

चालेल, ८ पौंडी. पण ताणला जातो, त्यामुळे चावा उशिरा कळतो.

जिवंत कोळंबी की रबराचं आमिष?

सुरुवात कोळंबीने करा. हिवाळ्यात लहान मासोळी खाडीतून कमी होते आणि मोठे मासे कोळंबी-कुर्ल्यांवर येतात, म्हणजे त्यांच्या ताटात आहे तेच आपण वाढतो. कोळंबीच्या शेपटीचं टोक नखाने तोडा, म्हणजे वास पाण्यात सुटतो, आणि तिथून साडेतीन ग्रॅमच्या जिगच्या, म्हणजे डोक्याला शिसं असलेल्या, गळावर ती ओवून सरळ बसवा. फेका, तळाला जाऊ द्या, आणि मग ओढायची घाई करू नका.

पहिल्या हिवाळ्यात मला तीन आठवडे काहीही लागलं नव्हतं. एका धक्क्यावर शेजारी एक वयस्क क्यूबन गृहस्थ बसायचे. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, मला स्पॅनिश अजिबात नाही. ते उठून आले, रील फिरवणारा माझा हात मनगटाला धरून थांबवला आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं दाखवली. तीन आकडे मोजायचे, अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा तीन मोजायचे. त्या दुपारी मला काळे ड्रम जातीचे दोन मासे लागले. आजही नव्या माणसाला शिकवताना मी त्याचं मनगट धरतो, कारण हे बोलून कळत नाही.

रबराचं आमिष वापरायचंच तर तीन इंची आणि तितक्याच मंद हाताने.

इथले मासे ओळखीचे वाटत नाहीत. आपल्या माशांशी त्यांचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते कळलं की पाणी आपलं वाटायला लागतं.

रेडफिश, काळा ड्रम, ठिपक्यांचा सीट्राउट, व्हायटिंग हे चारही एकाच कुळातले, आणि त्याच कुळात आपली घोळ आणि ढोमी येते. नाव ट्राउट असलं तरी डोंगरातल्या नदीच्या ट्राउटशी त्याचा संबंध नाही. ड्रम हे नाव पडलं ते पोटातल्या पिशवीवर स्नायू वाजवून ते घुमल्यासारखा आवाज काढतात म्हणून. शांत संध्याकाळी काठावरून तो ऐकू येतो. स्पॅनिश मॅकरेल म्हणजे सुरमईची सख्खी चुलत बहीण. पॉम्पानो हे नाव ऐकून लोक पापलेट समजतात. तो पापलेट नव्हे, हलव्याच्या कुळातला. खाडीत उड्या मारणारा मलेट म्हणजे तर आपली बोयच. डिसेंबरात गाभोळी भरलेल्या बोयींचे थवेच्या थवे बाहेर निघतात. त्या गळाला सहसा लागत नाहीत, त्यांना पागच टाकावा लागतो.

एका नावाबद्दल सावध करतो. गोव्यात आणि मालवणात हॉटेलच्या पाटीवर लेडीफिश लिहिलेलं असतं ती मुडदुशी, गोड, मऊ. फ्लोरिडाचा लेडीफिश पूर्णपणे वेगळा मासा आहे. चांदीसारखा लांबट, गळाला लागला की हवेत उड्या मारतो, हलक्या काठीवर फार मजा देतो, पण काट्यांनी भरलेला आणि मांस भुसभुशीत. एका ओळखीच्या कुटुंबाने चार लेडीफिश मोठ्या हौसेने घरी नेले आणि सगळे टाकून दिले. जीव गेला तो गेला. तो पकडा, बघा, सोडा.

शीप्सहेड कसा पकडायचा? आमिष खाऊन जातो आणि कळतही नाही.

या माशावर मी तासन्‌तास बोलू शकतो. फ्लोरिडाच्या थंडीचा खरा मासा हाच. बाकीचे सुस्तावतात तेव्हा हा जोरात असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालायच्या वेळी पुलांच्या खांबांभोवती गोळा होतो, म्हणून सकाळची वेळही त्याला चालते.

अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि तोंड उघडून बघितलंत तर दचकाल. समोर माणसासारखे चौकोनी पटाशीचे दात, आत टाळूवर आणि जबड्यावर दाढांच्या ओळी. पुलाच्या खांबांवरची कालवं आणि शिंपले तो या दातांनी फोडून खातो. म्हणजे त्याला घाईने गिळायची सवयच नाही. आमिष तोंडात धरतो, चुरडतो, टरफल थुंकतो, आणि तेवढ्यात आपला गळ रिकामा.

मी असा पकडतो. आमिष छोटी फिडलर कुर्ली, बोटाच्या नखाएवढी. तिचा मोठा आकडा मोडायचा आणि मागच्या पायाच्या बेचक्यातून गळ घालून टोक पाठीतून जरासं बाहेर काढायचं. गळ लहान पण जाड तारेचा, पातळ गळ तो दातांनी सरळ करतो. वर हरभऱ्याएवढं शिसं. पुलाच्या खांबाला अगदी चिकटून सोडायचं, तळापर्यंत, आणि हातभर वर घ्यायचं. आता काठीच्या पुढच्या दोराखाली तर्जनी ठेवा. बोटावर दोर टेकलेला असू द्या. आधी टक्‌, टक्‌ असं येतं, ते लहान मासे असतात, त्यांना सोडून द्या. मग टकटक थांबते आणि दोर नुसता जड होतो, जणू कोणी ओला फडका अडकवला. तोच शीप्सहेड. झटका मारू नका. काठी सावकाश वर उचला, जडपणा वाढला की आणखी उचला, गळ आपोआप बसतो. झटका मारलात तर दाढांमधून कुर्ली तेवढी निसटते.

लागला की लगेच खांबापासून दूर खेचा. कालवांच्या धारेवर दोर घासला की संपलं. हात लावताना पाठीवरच्या काट्यांवर वरून शेपटीकडे हात फिरवा, काटे टोकदार असतात.

१२ इंचांपेक्षा लहान घेता येत नाही आणि माणशी दिवसाला ८ घेता येतात. मी अंडी भरलेल्या मोठ्या माद्या सोडतो. हा माझा नियम, सरकारचा नाही.

स्नूक लागला तर?

सोडा, आणि जपून सोडा. आखाताच्या बाजूला १ डिसेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत स्नूक ठेवायला बंदी आहे.

आपल्या जिताड्याला पूर्वी शास्त्रज्ञ याच्याच कुळात धरायचे, आणि स्नूक हातात घेतला की ते का हे कळतं. तोच बसका कपाळाचा उतार, तीच खारफुटीत दबा धरून बसायची सवय. दोघंही आधी नर असतात आणि मोठं झाल्यावर मादी होतात. स्नूकला थंडी सोसत नाही. पाणी ६० अंशांच्या खाली गेलं की तो गलितगात्र होतो आणि पन्नाशीच्या आसपास मरतो. जानेवारी २०१० च्या थंडीत फ्लोरिडाभर स्नूक मरून तरंगले. त्यानंतर आखाताच्या बाजूला स्नूक ठेवायला बंदी आली ती सप्टेंबर २०१३ मध्ये उठली. म्हणून थंड दिवशी कालव्यात निश्चल उभे स्नूक दिसले तर त्यांच्यापुढे आमिष नाचवू नका. गळाला लागला तर पाण्याबाहेर काढू नका, बाजूने धरून गळ काढा, पोटाखाली हात ठेवून तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा.

परवाना लागतो का? आईबाबा भारतातून आले आहेत, त्यांनाही?

हो, लागतो. फ्लोरिडाच्या रहिवाशाला वर्षाचा खाऱ्या पाण्याचा परवाना १७ डॉलरला. फक्त काठावरून किंवा धक्क्यावरून गरवणार असाल तर रहिवाशांना काठाचा परवाना फुकट मिळतो, पण तो काढावा लागतो. बाहेरच्या राज्यातून किंवा देशातून आलेल्यांना तीन दिवसांचा १७, सात दिवसांचा ३०, वर्षाचा ४७ डॉलर. १६ वर्षांखालच्या मुलांना नको. ६५ वर्षांवरच्यांना सूट आहे ती फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना, भेटीला आलेल्या आईबाबांना नाही. इथे अनेकांची गफलत होते. बाबांच्या हातात काठी द्यायची तर त्यांचा तीन दिवसांचा परवाना काढा. भाड्याच्या चार्टर बोटीवर जाणार असाल तर प्रवाशांचा परवाना बोटीवाल्याच्या परवान्यात येतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सगळ्यांनाच माफ असतं, पाहुण्यांना गोडी लावायला तो दिवस उत्तम.

आकाराचे आणि संख्येचे नियम भागाभागाला वेगळे आहेत आणि बदलतात. फोनवर फिश रूल्स हे अ‍ॅप ठेवा, निघायच्या आधी बघा, आणि मोजपट्टी बरोबर असू द्या.

एवढे नियम कशाला? समुद्र तर मोठा आहे.

हा प्रश्न मला गावातही विचारला जातो. फ्लोरिडात नोव्हेंबर १९९४ मध्ये मतदान झालं आणि ७२ टक्के लोकांनी राज्याच्या पाण्यात गिल नेट, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणारं जाळं, टाकायला बंदी घालणारा बदल थेट राज्यघटनेत केला. १ जुलै १९९५ पासून ती लागू आहे. जाळ्यावर पोट असलेल्या कितीतरी कोळी कुटुंबांचं त्यात नुकसान झालं, आणि ते विसरून या बंदीचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. पण जाळीवाल्याने एवढं सोडलं असताना हौसेने गरवणाऱ्याने आठाच्या जागी बारा मासे न्यावेत, हे मला मुळीच पटत नाही.

होडी नाही. जायचं कुठे?

होडी नसताना हिवाळा उलट सोपा, कारण मासा काठाच्या जवळच्या डोहांत येतो. फोर्ट डी सोटो, गँडी पुलाच्या आसपास, कोर्टनी कॅम्बेल कॉजवे, वीडन आयलंड. आणि स्कायवेचा धक्का. ९ मे १९८० ला समिट व्हेंचर हे मालवाहू जहाज वादळात जुन्या सनशाइन स्कायवे पुलावर आदळलं, ३५ माणसं गेली. नवा पूल १९८७ साली सुरू झाला आणि जुन्या पुलाचे उरलेले दोन तुकडे मासेमारीसाठी ठेवले. गाडी थेट आत नेता येते. तिथे उभं राहिलं की मला ते ३५ जण आठवतात, दर वेळी. २०२४ च्या हेलीन आणि मिल्टन वादळांनी किनाऱ्यावर बरीच पडझड झाली, तेव्हा कुठलाही धक्का चालू आहे का हे आधी विचारून निघा.

पेलिकन गळात अडकला. दोर कापू का?

कापू नका. तुटलेला दोर घेऊन तो खारफुटीत जातो, फांदीला गुंततो आणि लटकून मरतो. हलक्या हाताने त्याला जवळ आणा, धक्क्यावरून जाळीने वर घ्या, डोक्यावर टॉवेल टाका म्हणजे तो शांत होतो. चोच धरा पण पूर्ण मिटू नका, थोडी फट ठेवा. पेलिकन तोंडाने श्वास घेतो. गळाचं टोक पुढे सरकवून बाहेर काढा, पकडीने अणी मोडा आणि गळ मागे ओढून घ्या. दोघं असाल तर दोन मिनिटांचं काम. स्कायवेच्या धक्क्यावर पेलिकन इतके जायबंदी व्हायचे की आता १६ नोव्हेंबर ते १५ मार्च तिथे एकाहून जास्त गळांचा दोर वापरता येत नाही. नियम योग्य आहे.

पाण्यात उतरून चालताना काय जपायचं?

पाय घासत चाला, उचलून टाकू नका. वाळूत पुरलेला पाकट पायाचा धक्का लागला की निघून जातो, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. गळाला शिंगाळ्यासारखा मिशीवाला मासा आला तर त्याच्या तीन काट्यांपासून हात लांब. दोन्हींचा काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा, आणि डॉक्टरकडे जा.

कपड्यांचं विचाराल तर वारा अडवणारं जाकीट आणि वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी बुटांसकटची उंच विजार. ६० अंशांच्या पाण्यात उघड्या पायांनी अर्धा तासही निघत नाही.

खायला कोणता चांगला? घरी कसा न्यायचा?

शीप्सहेड. मांस पांढरं, घट्ट, थोडी गोडसर चव, कारण तो स्वतः कुर्ल्या-कालवं खाऊन वाढतो. खवले दगडासारखे आणि फासळ्या जाड, त्यामुळे साफ करायला वेळ लागतो. आपल्या पद्धतीच्या आडव्या तुकड्या पाडायला तो अवघड. बाजूचं मांस सोलून काढा आणि डोकं-काटा सारासाठी ठेवा. आगळ, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास, मग रव्यात घोळवून तळा. ट्राउटचं मांस फार मऊ असतं, फ्रीजरमध्ये ठेवू नये, त्याच दिवशी खावं. व्हायटिंग लहान असतो पण मुडदुशीची आठवण येणाऱ्याने तोच करून बघावा.

एक लक्षात ठेवा: मासा काठावर आणेपर्यंत डोकं-शेपटीसकट अख्खा ठेवावा लागतो. आतडी काढलेली चालतात, तुकड्या केलेल्या नाही. आणि बर्फ घरूनच न्या. थंडी आहे म्हणून बर्फ नको असं म्हणणाऱ्यांचे मासे मी दुपारी चार वाजता बघितले आहेत.

हे सगळं कोकणात चालेल का?

थोडं. तिथला समुद्र हिवाळ्यातही सहसा पंचवीस अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही, त्यामुळे उबेचा हिशेब लागत नाही. बोटावर दोर ठेवून चावा ओळखणं मात्र खाडीतल्या जिताड्याला आणि तांबोशीला तितकंच लागतं.

हा हंगाम संपतो कधी?

मार्चमध्ये. पाणी सत्तरीला टेकलं की पेडव्यासारख्या दिसणाऱ्या चंदेरी मासोळीचे थवे खाडीत परत येतात, गवतावरून पाणी चमकायला लागतं आणि मोठे मासे कोळंबी सोडून त्यांच्या मागे धावतात. १ मार्चला आखाताकडचा स्नूकही उघडतो. शीप्सहेड आणखी काही आठवडे पुलाखाली सापडतो. मी तोपर्यंत कुर्ल्यांचा डबा भरलेला ठेवतो.